दोन रात्रींचे घर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मे महिन्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एप्रिलमध्ये ‘कुठे जावे’ असे विचारणारे वाचक जूनमध्ये ‘गेलो होतो आणि असे झाले’ असे लिहू लागतात. यंदाची बरीचशी पत्रे कोकणात भाड्याने मिळणाऱ्या कॉटेज आणि घरगुती निवासांविषयी आहेत, आणि त्यांतली काही पाहुण्यांनी नव्हे, तर घरमालकांनी लिहिलेली आहेत. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराच्या दोन खोल्या मी आणि माझी जाऊ पर्यटकांना देतो, आणि वर्षातून एकदा-दोनदा आम्हीही पैसे मोजून दुसऱ्याच्या घरी राहायला जातो. त्यामुळे मी तक्रार ऐकून घेणाऱ्यांतही बसते आणि करणाऱ्यांतही, हे आधीच सांगून ठेवते. पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

आम्ही दिवेआगरला सहा जणांसाठी पूर्ण कॉटेज घेतली होती. आयत्या वेळी नणंद, तिचे यजमान आणि त्यांची सात व दहा वर्षांची मुले बरोबर निघाली. मालकांनी दारातच माणशी जादा पैसे मागितले आणि सुट्टीची सुरुवातच भांडणाने झाली. आम्ही जादा गाद्याही मागितल्या नव्हत्या. संपूर्ण घर घेतल्यावर आत किती माणसे झोपतात याच्याशी मालकांचा काय संबंध? — एक वाचक, नाशिक

संबंध आहे, आणि तो गाद्यांपुरता नाही. सहा माणसांचे घर म्हणजे सहा माणसांचे पाणी, सहा माणसांचा सेप्टिक टँक, सहा जणांचे टॉवेल आणि सकाळच्या पोह्यांना सहा जणांचा अंदाज. दहा माणसे आली की यांतली एकही गोष्ट आपोआप वाढत नाही. ती कोणाला तरी धावपळ करून वाढवावी लागते, आणि गावात ती धावपळ करणारी बाई बहुधा एकच असते. आपल्याकडे ‘आपलीच माणसे आहेत, होईल कसेबसे’ हा गुण मानला जातो आणि स्वतःच्या घरी तो गुणच असतो. पण इथे सामावून घेणारे तुम्ही आणि सामावून घेण्याचा खर्च उचलणारे दुसरेच, असे झाले होते. सात आणि दहा वर्षांची मुले ‘लहान’ या सदरात बसत नाहीत, हे तुम्हालाही मनातून मान्य असावे. समुद्रावर जाऊन आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला अंघोळीला जितके पाणी लागते तितके त्याच्या बापालाही लागत नाही.

आमच्याकडे एकदा चार जणांचे सांगून ठेवलेल्या मंडळींची टेम्पो ट्रॅव्हलर अंगणात उभी राहिली. माझी जाऊ तांदळाचे मापटे हातात धरूनच ओटीवर आली होती. गाडीतून एकेक जण उतरत होता, ती मनात मोजत होती, आणि नवव्या माणसाला ती काही न बोलता आत गेली आणि डबा पुन्हा उघडला. रागावली नाही, पण त्या दिवशी ती पाहुण्यांशी कामापुरतेच बोलली. पाहुण्यांना वाटले, कोकणातली माणसे तुसडी असतात.

आता तुमच्या बाजूचे. जादा माणसाचे किती पैसे आणि कोणत्या वयापासून, हे मालकांनी आगाऊ रक्कम घेताना लिहून कळवायला हवे होते. ते कळवले नसेल आणि दारात आकडा सांगितला असेल, तर ती अडवणूकच झाली, कारण इतक्या लांबचा प्रवास करून आलेला माणूस मुलाबाळांना घेऊन परत फिरू शकत नाही हे त्यांनाही ठाऊक होते. मात्र माणगावला चहाला थांबलात तेव्हा एक फोन केला असता, तर हाच व्यवहार दोन मिनिटांत, बहुधा कमी पैशांत आणि नक्कीच भांडणाशिवाय झाला असता.

आमच्या घराला एकच विहीर आहे आणि मे महिन्यात तिचे पाणी तळाला जाते. पाहुणे समुद्रावरून येऊन अर्धा अर्धा तास शॉवरखाली उभे राहतात, वाळूने मोरी तुंबते, आणि बोलायला गेले की ‘पैसे दिले आहेत’ असे ऐकावे लागते. न्हाणीघरात ठळक सूचना लावावी, तर ते बरे दिसेल का? — एक घरमालक, दापोली तालुका

तुमचे पत्र वाचताना मला आमच्याच पंपाचा आवाज ऐकू आला. विहिरीत पाणी असते तेव्हा पंप एका सुरात घुमतो. पाणी फुटव्हॉल्व्हच्या, म्हणजे पंपाच्या पाइपच्या खालच्या तोंडाच्या, खाली गेले की तो हवा ओढू लागतो आणि घशात काही अडकल्यासारखा खरखरतो. गेल्या मे महिन्यात पहाटे चुलीपुढे बसल्या बसल्या मी तो आवाज ओळखला. विहिरीवर जाऊन पाहिले तर खालची शेवाळलेली पायरी, जी एरवी आम्हालाही दिसत नाही, ती उघडी पडली होती. त्या दिवशी घरात पाच पाहुणे होते आणि पोफळींचे शिंपणे व्हायचे होते.

शहरातल्या माणसाला हे कळत नाही, यात त्याचा दोष थोडा आहे, सगळा नाही. तो पाहतो ते समोर समुद्र, भोवती हिरवीगार वाडी, आणि शाळेत शिकलेले ‘कोकणात भरपूर पाऊस पडतो’ हे वाक्य. पाऊस पडतोच, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक. पण तो चार महिन्यांत पडतो, जमीन समुद्राकडे उतरती आहे आणि जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे मुरलेले पाणीही झिरपून निघून जाते. होळी झाली की विहिरी उतरू लागतात. ज्याच्या इमारतीत गच्चीवरची टाकी भरण्याचे काम दुसरेच कोणीतरी करते, त्याने हे ओळखावे कसे?

म्हणून माझा अनुभव असा की पाटी लावू नये. ‘पाणी जपून वापरा’ ही पाटी आपण सगळे जन्मभर सरकारी कचेऱ्यांत पाहत आलो आहोत आणि तिच्याखालीच नळ गळत असतो. पाहुणे आले, पाणी-गूळ झाला, की त्यांना विहीर दाखवायला न्यावे. कठड्यावरून खाली वाकून पाहू द्यावे, मुलांना पोहऱ्याने एकदा पाणी शेंदू द्यावे. आमच्याकडे आलेल्या एका सात-आठ वर्षांच्या मुलीने असे दोन पोहरे ओढल्यानंतर, पुढचे दोन दिवस ती न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहून आपल्या बाबांना ‘बास झाले’ असे ओरडून सांगत होती. इतकी कडक पाटी मी कधीच लिहू शकले नसते.

थोडा हिशेबही सांगून ठेवावा, कारण आकडा लोक ऐकतात. साधा शॉवर मिनिटाला नऊ-दहा लिटर पाणी सोडतो. सहा माणसे पंधरा पंधरा मिनिटे उभी राहिली, तर हजार लिटरची टाकी जवळजवळ रिकामी होते; तेच बादलीने अंघोळ केली तर माणशी वीस-पंचवीस लिटरमध्ये भागते. आम्ही एप्रिल-मे महिन्यांत शॉवर बंद ठेवतो, आणि हे खोली ठरवतानाच सांगतो. काही जण दुसरीकडे जातात, जाऊ द्यावे. वाळूसाठी अंगणातच एक वेगळा नळ आणि पाय धुवायला जांभ्याचा चिरा ठेवावा. समुद्रावरून आलेल्या माणसाने त्या चिऱ्यावर उभे राहूनच घरात यायचे. सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर शौचालयात टाकले जातात, ही तक्रारही तुमच्या पत्रात आहे. पण तिथे झाकणाची बादली आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवणे हे मालकांचे काम आहे. तो नसेल तर पाहुण्या बाईने काय करावे, याचे उत्तर आपल्याकडेही नसते.

एक मात्र लक्षात ठेवावे. ज्यांनी बोअरवेल मारून पाहुण्यांसाठी ‘रेन डान्स’ सुरू केला आहे, त्यांनी बादलीच्या अंघोळीवर प्रवचन देऊ नये.

आम्ही राहिलो त्या बंगल्यात निघण्याच्या दिवशी सकाळी दहाला घर सोडायचे, भांडी घासून ठेवायची, अंथरुणे काढून धुण्याच्या बादलीत टाकायची, कचरा वेगळा करून फाटकाशी नेऊन ठेवायचा, अशी छापील यादीच होती. आणि तरी स्वच्छतेचे ७०० रुपये वेगळे. मग आम्ही पैसे नेमके कशाचे दिले? — एक वाचक, पुणे

तुमचा राग रास्त आहे. स्वच्छतेचे पैसे घेतले असतील, तर स्वच्छता मालकांनी करावी. आणि पाहुण्यांनी करावी असे असेल, तर पैसे घेऊ नयेत. दोन्ही एकदम मागणे हे आतिथ्यही नव्हे आणि धंदाही नव्हे. परदेशांतल्या कॉटेजमध्ये अशा याद्या असतात आणि तिथेही लोक त्यांवर वैतागतात. आपल्याकडे काही मालकांनी त्या याद्या उचलल्या आहेत.

तरीही पैसे दिले म्हणून काहीच करायचे नाही, असेही नसते. ज्या घरात स्वयंपाकघर वापरायला दिले आहे, तिथे रात्री मटणाचे पातेले तसेच ठेवून झोपू नये. कोकणात सकाळपर्यंत मुंगळ्यांची रांग दारापासून ओट्यापर्यंत लागलेली असते. भांडी घासली नाहीत तरी खरकटे काढून पाणी घालून ठेवावीत. अंथरुणे मात्र काढू नयेत, असे माझे उलट मत आहे. अंथरूण जागेवर असले की डाग पडला आहे का, उशी ओली आहे का, हे आम्हाला लगेच दिसते. सगळे गोळा करून बादलीत कोंबले की आंब्याच्या रसाचा डाग चारही चादरींना लागतो. काही फुटले किंवा सांडले असेल तर निघताना सांगावे. कपबशी फुटल्याचे कोणी सांगितले तर आम्ही पैसे घेत नाही. ती पलंगाखाली ढकललेली सापडली तर ते घर मात्र आमच्या लक्षात राहते.

सकाळी दहाची वेळ जाचक वाटते हे खरे, पण त्याच दिवशी दुपारी दुसरे पाहुणे येणार असतात आणि पावसाळ्यात चादर वाळायला दोन दिवस लागतात. गाडी संध्याकाळची असेल तर सामान ओटीवर ठेवू का, असे आदल्या दिवशी विचारावे. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. आणि झाडलोट करायला येणाऱ्या बाईंच्या हातात निघताना शंभर-दोनशे रुपये थेट द्यावेत. ७०० रुपयांतले त्यांना किती मिळतात, हे विचारून पाहिलेत तर तुम्हाला आणखी राग येईल.

आदल्या रात्री सुरमईच्या आठ थाळ्या सांगितल्या होत्या. सुवर्णदुर्ग पाहून येईपर्यंत साडेतीन वाजले, मुले भुकेने रडत होती म्हणून बंदरावरच जेवलो. घरी आल्यावर मालकीणबाईंनी आठही थाळ्यांचे पैसे मागितले. न जेवता पैसे का द्यावेत? — एक वाचक, ठाणे

द्यावेत. हॉटेलात तुम्ही गेला नाहीत तर तुमची सुरमई दुसऱ्याच्या ताटात जाते; घरगुती निवासात ती कोणाच्याच ताटात जात नाही. मालकीणबाईंनी ती सकाळी बाजारातून तुमच्या माणसांच्या हिशेबाने आणली, तुकड्या करून हळद, मीठ आणि आगळ म्हणजे कोकमाचा रस लावून ठेवली, आठ जणांचा नारळ खवला आणि दूध काढले. मे महिन्याच्या उकाड्यात सोलकढी रात्रीपर्यंत टिकत नाही. त्या घरातल्या माणसांनी किती सोलकढी प्यावी? शिवाय जेवण तयार ठेवून वाट पाहणाऱ्या बाईला झाकणे काढताही येत नाहीत आणि आवरताही येत नाही. तिची दुपार गेली ती वेगळीच.

सुवर्णदुर्गाला होडीने जावे लागते आणि होडीची वेळ वारा व भरती-ओहोटी ठरवतात, त्यामुळे उशीर झाला हा तुमचा अपराध नव्हे. पण फोन बारा वाजता करायचा असतो. तेव्हा तुकड्या तळलेल्या नसतात, निम्म्या ठेवून देता येतात, आणि मालकीणबाईही निम्म्यावर तडजोड करतात. मालकांनीही जेवण किती वाजेपर्यंत रद्द करता येईल, हे सांगून ठेवलेले बरे. आमच्याकडे सकाळी नऊ ही वेळ आहे.

याच विषयावर आणखी दोघांनी ‘जुलैत गेलो तर ताजे पापलेट दिले नाही’ अशी तक्रार केली आहे. जून आणि जुलै महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तो माशांच्या विणीचा काळ आहे. तेव्हा मिळणारे पापलेट बहुधा बर्फातले असते. ज्यांनी ते नाही म्हणून सांगितले आणि कुळथाचे पिठले, सुक्या जवळ्याची चटणी आणि भात वाढला, त्यांनी तुम्हाला फसवले नाही, असे मी म्हणेन.

कॉटेजच्या आवारातल्या कलमांचे पाच-सहा आंबे मुलांनी काढले. मालक असे बोलले जणू दरोडा पडला. — एक वाचक, मुंबई

ते कलम बहुधा त्यांचे नव्हतेच. कोकणातल्या पुष्कळ बागा मोहोर येण्याआधीच व्यापाऱ्याला विकलेल्या असतात आणि प्रत्येक झाडाच्या फळाचा हिशेब राखणदाराकडे असतो. हापूस घळाने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या लांब काठीने, देठ राखून काढतात. दगड मारून पाडलेला आंबा पिकत नाही, सडतो, आणि पडताना बरोबर आणखी दोन पाडतो. मुलांना आंबा काढून पाहायचा असेल तर तसे सांगावे. आम्ही स्वतः त्यांच्या हातात घळ देतो.

जुलैत चिपळूणजवळ दोन दिवसांचे आरक्षण होते. हवामान खात्याने लाल इशारा दिला, घाटात दरड कोसळल्याच्या बातम्या येत होत्या, म्हणून आम्ही गेलो नाही. मालक आगाऊ रक्कम परत देत नाहीत. ‘आमच्याकडे तर काही झाले नाही’ म्हणतात. — एक वाचक, सातारा

लाल इशाऱ्यामागे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडण्याचा अंदाज असतो. अशा दिवशी पाहुण्यांना ‘या’ म्हणणे हेच मुळात बेजबाबदारपणाचे आहे. पैसे परत देण्याची अट आरक्षणात नसेल तर कायद्याने तुमचा हात फार वर पोचणार नाही. पण तारीख पुढे ढकलून मागा, आणि ती लेखी मागा. बरेच मालक रोख परत द्यायला नाखूश असतात, कारण ती रक्कम केव्हाच छपराच्या कौलांवर खर्च झालेली असते, पण रिकाम्या पावसाळी दिवसांत तारीख द्यायला त्यांची हरकत नसते.

उलट बाजूचेही एक पत्र आले आहे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला एका कुटुंबाने खोली घेतली होती आणि मालकांनी महिनाभर आधी कळवले की गावपळण असल्यामुळे त्या तारखांना घर देता येणार नाही. कुटुंबाला ही सबब वाटली. ती सबब नाही. दर काही वर्षांनी, रामेश्वराचा कौल घेऊन, आचरा गाव तीन दिवस-तीन रात्री रिकामा होतो. माणसे गुराढोरांसह वेशीबाहेर राहुट्या घालून राहतात आणि गावात दिवा लावायलाही कोणी उरत नाही. तिथे पाहुण्यांसाठी कोण थांबणार? तीच गोष्ट गणपतीची. चाकरमानी घरी येतात तेव्हा कोकणातली पुष्कळ घरे पर्यटकांना बंद असतात आणि तशीच असावीत. मात्र जास्त पैसे देणारा गट मिळाला म्हणून ‘घरात अडचण आली’ असे सांगून आरक्षण मोडणाऱ्या मालकांसाठी माझ्याकडे काहीही सहानुभूती नाही. अशा वेळी पूर्ण रक्कम तर परत मागावीच, शिवाय दुसरी जागा शोधून देण्याचा आग्रहही धरावा.

छायाचित्रांत समुद्र अंगणात होता, प्रत्यक्षात तो पंधरा मिनिटे चालत. वीज गेली तेव्हा वातानुकूलन बंद, कारण ‘इन्व्हर्टरवर ते चालत नाही’. वर बिलात जीएसटी. — एक वाचक, कोल्हापूर

पहिल्या गोष्टीवर तुमची बाजू पक्की आहे. खोटे छायाचित्र आणि खोटे वर्णन ही दिशाभूल आहे. छायाचित्रे जपून ठेवा, जाहिरातीचे पान आणि संदेश जपून ठेवा, आणि मालक ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुढच्या वेळी ‘समुद्र किती लांब’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘इथेच’ असते. ‘ओटीवरून समुद्र दिसतो का, आणि मध्ये रस्ता आहे का’ असे विचारा.

दुसऱ्या गोष्टीवर मालकांची बाजू पक्की आहे. घरगुती इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, वातानुकूलन नाही, आणि पावसाळी वाऱ्यात कोकणातली वीज जातेच. पण वातानुकूलित खोलीचे जादा पैसे घेणाऱ्याने हे आधी सांगायला हवे, आणि रात्रभर ते बंद राहिले तर फरक परत द्यायला हवा.

बिलावर नोंदणी क्रमांक आहे का पाहा. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही, आणि ज्याची नोंदणी नाही त्याला पाहुण्यांकडून तो कर वसूल करता येत नाही. दोन खोल्यांच्या घराचे बिल आणि क्रमांकाशिवाय कर, असे असेल तर ती रक्कम सरळ कापून द्या.

शेजारच्या कॉटेजमध्ये रात्री एक वाजेपर्यंत स्पीकर लावून नाच चालला होता. आमच्या मालकांनी सांगून पाहिले तर ‘तुमच्याबद्दल वाईट लिहू’ अशी धमकी मिळाली. — एक वाचक, बदलापूर

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार मनाई आहे, आणि ती पाहुण्यांनाही लागू आहे. ११२ वर फोन करता येतो. पुनरावलोकनाच्या धमकीला मालकांनी भिऊ नये. ‘रात्री एक वाजता स्पीकर बंद करायला सांगितला’ एवढे एकच वाक्य उत्तरात लिहिले, तर शांत झोप हवी असलेली चार कुटुंबे ते वाचूनच तुमच्याकडे येतील.

मालकांनी सगळ्यांच्या आधार कार्डांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर मागितली. देणे बंधनकारक आहे का? आमचे मेहुणे अमेरिकन नागरिक आहेत, त्यांचा पासपोर्टही मागितला. — एक वाचक, नागपूर

मुक्कामाला येणाऱ्याची ओळख पटवून नोंद ठेवणे हे मालकांचे काम आहे, त्यामुळे ओळखपत्र मागणे गैर नाही. पण आधारच द्यावे असे नाही. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र चालते. आधार द्यायचे असेल तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे, आधीचे आठ झाकलेले आधार संकेतस्थळावरून उतरवून घेता येते, तेच द्या. परदेशी नागरिकाची माहिती मात्र चोवीस तासांच्या आत ठरावीक फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) भरून शासनाला कळवावी लागते, आणि हा नियम दोन खोल्यांच्या घरालाही लागू आहे. मेहुण्यांचा पासपोर्ट मागणारे मालक काटेकोर आहेत. त्यांच्याकडे पुन्हा जायला हरकत नाही.

ओटीवर बसलेल्या आजींनी आडनाव विचारले. सांगितल्यावर ‘म्हणजे कोण?’ असे विचारले. त्यानंतर घरातल्या माठातले पाणी न देता आम्हाला बाटल्या देण्यात आल्या. कदाचित संबंध नसेल, पण दोन दिवस ते मनातून गेले नाही. आम्ही काही बोलायला हवे होते का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

बाटल्यांचे आधी सांगते, कारण ते सोपे आहे. विहिरीचे पाणी शहरातल्या पाहुण्यांना बाधेल या भीतीने आता पुष्कळ घरांत सरसकट बाटल्याच दिल्या जातात, आमच्याकडेही देतो. तुमच्या बाबतीत कारण हेच असेल असे मात्र मी इथे बसून म्हणू शकत नाही, आणि ‘तुम्हाला तसे वाटले असेल’ असे म्हणून तुमचा प्रश्न झटकणारही नाही. ‘म्हणजे कोण?’ हा प्रश्न कशासाठी असतो, हे विचारणारा आणि ऐकणारा दोघेही जाणतात.

आडनाव, गाव, कुळ विचारून ओळख काढण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि पुष्कळदा तिच्यात नुसते कुतूहल असते. पण ओटी भाड्याने दिली की ती ओटी राहत नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जातीवरून कोणालाही आडकाठी करता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि अस्पृश्यता पाळल्याबद्दल १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने शिक्षाही आहे. जो पैसे घेऊन अनोळखी माणसाला घरात राहायला बोलावतो, त्याने ‘हे माझे घर आहे’ ही ढाल पुढे करू नये. तुम्ही बोलला असतात तर बरे झाले असते, पण न बोलल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका; सुट्टीत मुलांसमोर असा वाद घालणे सोपे नसते. आताही त्या घराच्या तरुण माणसांना, आजींना नव्हे, संदेश पाठवून घडले ते शांतपणे लिहा. बहुतेक घरांत आरक्षण पाहणारी मुले-सुना असे प्रश्न ऐकून शरमतात आणि पुढे काळजी घेतात.

हे मी खात्रीने सांगते, कारण आमच्याच घरात हे घडले आहे. आमच्या सासूबाई ओटीवर बसून प्रत्येक पाहुण्याला हाच प्रश्न विचारायच्या. शेवटी जावेने त्यांना सांगितले की पुन्हा विचारलेत तर मी खोल्या देणे बंद करीन, आणि ती तसे करील हे त्यांना ठाऊक होते. आता त्या ‘प्रवासाला किती तास लागले?’ असे विचारतात. त्यातून त्यांना हवे ते कळत नाही, आणि त्याची रुखरुख त्यांच्या चेहऱ्यावर दिसते.